कौतुकाचे चारशे रुपये

(द्वितीय वर्ष, कला)

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला, की तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून नाताळच्या नाटिकेची धांदल उडते. चार-पाच वर्षांची पोरे पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधून देवदूत होतात, डोक्याला पंचा गुंडाळून मेंढपाळ होतात, आणि ज्यांना एकही वाक्य पाठ होत नाही ती कापूस चिकटवलेली टोपी घालून मेंढरे होतात. मरीयेच्या मांडीवरचा बाहुलीचा बाळ येशू निदान एकदा तरी खाली पडतो व टाळ्या घेऊन जातो. सगळा खेळ वीस-पंचवीस मिनिटांचा. त्याची चित्रफीत हवी असेल तर मात्र पालकांना चारशे रुपये मोजावे लागतात. हा आमच्या भागातला दर. कोठे तीनशे, कोठे पाचशे, आणि पेन ड्राइव्ह हवा असेल तर त्याचे पैसे निराळे. या चारशे रुपयांविषयी मला लिहावयाचे आहे.

हुंडा, बेकारी, पाणीटंचाई असे भारदस्त विषय पडलेले असताना तू ही मेंढरे कुठे हाकत बसलीस, असे माझ्या मैत्रिणीनेच मला विचारले. तिला दिलेले उत्तर येथे पुन्हा देते. गेली दोन वर्षे मी कॉलेज सुटल्यावर एका फोटो स्टुडिओत एडिटिंगला बसते. मार्गशीर्षातली लग्ने आटोपून पौष लागला, की स्टुडिओला शाळांची गॅदरिंगे आणि नाताळचे कार्यक्रम यांचाच काय तो आधार असतो. माझ्या फीचा काही भाग याच चारशे रुपयांतून भरला गेला आहे. तेव्हा या व्यवहाराबद्दल बोलताना मी पलीकडच्या काठावर उभी राहून दगड मारीत नाही, हे आधीच सांगून टाकते.

नाताळची नाटिका हे परक्यांचे खूळ आहे, म्हणून सगळा खर्चच बंद करावा, असाही एक सूर ऐकू येतो. तो मला मान्य नाही. आमच्या जिल्ह्यात (तेव्हाचे अहमदनगर, आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तने केली ती मराठीत, आणि ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून येऊन इतका मुरला आहे की त्याचे मूळ कोणी विचारीत नाही. या खेळाची परंपरा तर याहून पुष्कळ जुनी. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिस यांनी गवताची गव्हाणी मांडली, खरा बैल आणि खरे गाढव उभे केले, आणि येशू कोणत्या गरिबीत जन्मला ते गावकऱ्यांना डोळ्यांनी पाहता यावे अशी सोय केली. त्या रात्री डोंगर चढून आलेल्या लोकांना हे सारे फुकट पाहावयास मिळाले.

आता शाळेची नोटीस पाहू. मी अशा चार-पाच नोटिसा पाहिल्या आहेत. शब्द थोडेफार वेगळे, मजकूर तोच. “कार्यक्रमाच्या वेळी मोबाइलवर चित्रीकरण करण्यास सक्त मनाई आहे. ज्यांना चित्रफीत हवी असेल त्यांनी वर्गशिक्षिकेकडे नाव व रक्कम द्यावी.” एकाखाली एक अशी ही दोन वाक्ये. त्यांतले पहिले वाक्य एकटे वाचले तर योग्य आहे. दुसरे एकटे वाचले तरी योग्य आहे. माझी तक्रार आहे ती ही दोन वाक्ये एकाच कागदावर येण्याबद्दल.

पहिले वाक्य योग्य का, ते मी कॅमेऱ्यामागे उभी राहून पाहिले आहे. जेथे मनाई नसते तेथे पडदा वर जाताच शंभर हात वर होतात. मागच्या रांगेतल्या आजी-आजोबांना रंगमंचाऐवजी पुढच्यांच्या मोबाइलचे पडदे दिसतात. आणि ते मेंढरू बावरून आईचा चेहरा शोधू लागते, तेव्हा त्याला चेहरा सापडतच नाही. आईच्या चेहऱ्याच्या जागी एक काळी चौकोनी वस्तू असते. शिवाय आपल्या पोराचे चित्र काढताना शेजारच्या पोराचेही निघते, आणि संध्याकाळपर्यंत ते कोणकोणत्या व्हॉट्सअॅप गटांत फिरून येते याचा नेम नाही. एखादे मूल दत्तक असते, एखाद्याच्या आईबापांचा ताब्यासाठी कोर्टात दावा चालू असतो. ते कोणत्या शाळेत आहे हे जगजाहीर न होण्यातच त्याचे हित असते.

ब्रिटनमध्ये या नाटिका आपल्याकडच्या गॅदरिंगइतक्या सार्वत्रिक आहेत आणि तेथे दर डिसेंबरात हाच वाद उठतो. पुष्कळ शाळा माहिती-संरक्षण कायद्याकडे बोट दाखवून पालकांचे कॅमेरे बंद करीत. शेवटी या कायद्याची देखरेख करणाऱ्या तेथील माहिती आयुक्त कार्यालयालाच सांगावे लागले, की घरच्या अल्बमसाठी आईबापांनी काढलेल्या फोटोंच्या आड हा कायदा येत नाही. शाळेला दुसऱ्या कारणाने मनाई करावयाची असेल तर तिने करावी, पण कायद्याच्या नावावर नको. तेथला आणखी एक नियम मला फार आवडला. १९९६ च्या शिक्षण कायद्याप्रमाणे तेथील सरकारी शाळांना शाळेच्या वेळेतल्या उपक्रमासाठी ऐच्छिक वर्गणी मागता येते. मात्र ज्याच्या पालकांनी ती दिली नाही त्या मुलाला उपक्रमातून वगळता येत नाही.

आता दुसरे वाक्य. शूटिंगवाल्याने पैसे का घ्यावेत, याला माझ्या मते फार लांबलचक उत्तर नको. कॅमेरा, स्टँड, दोन माइक, एक दिवसाचा माणूस आणि त्यानंतर माझ्यासारखीचे दोन-तीन संध्याकाळचे काम, एवढे त्यात जाते. ते फुकट व्हावे असे म्हणणे म्हणजे शिक्षणाचे नाव घेऊन कारागिराला राबविणे. प्रश्न पैसे घेण्याचा नाही, ते कसे घेतात याचा आहे. आणि येथे थोडे मागे जावे लागेल.

जपानमध्ये व्हीएचएस कॅसेट १९७६ साली निघाली. आमच्या स्टुडिओचे मालक, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांनी कॅसेटवरच धंदा शिकला. त्यांच्याकडून ऐकलेला हिशेब असा: एक तासाच्या कॅसेटची प्रत काढावयाची तर एक तासच लागे. दोन यंत्रे जोडायची, एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी, आणि बसून राहावयाचे. पन्नास प्रती म्हणजे पन्नास तास आणि पन्नास कोऱ्या कॅसेट. प्रत बिघडली तर पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा माणशी अमुक रुपये हा दर अगदी न्यायाचा होता, कारण प्रत्येक प्रतीला खरोखरीच खर्च येत होता. पुढे सीडी आली, डीव्हीडी आली; कोरी तबकडी काही रुपयांवर उतरली. आज तर मी एक लिंक तयार करते आणि ती एकाला पाठविली काय किंवा दोनशे जणांना पाठविली काय, माझे बोट तेवढेच हलते. कॅसेट गेली, तिचा खर्च गेला, दर मात्र माणशीच राहिला.

एका शाळेचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. तीन वर्गांची मिळून एकशे साठ मुले. एकशे तीस पालकांनी नावे दिली. चारशेप्रमाणे झाले बावन्न हजार. एका सकाळचे शूटिंग एडिटिंगसह आमच्या गावात दहा हजारांत होते, आणि ते स्टुडिओला परवडते. उरलेल्यातला मोठा भाग शाळेकडे गेला. शाळेने त्यातून बालवर्गासाठी घसरगुंडी आणली, हेही येथे नमूद केले पाहिजे, नाहीतर चित्र एकतर्फी होईल. घसरगुंडी चांगलीच आहे. पोरे तिच्यावरून उतरावयास तयार नसतात. पण मग तिच्यासाठी उघड वर्गणी मागावी. ज्याला जमेल तो पाचशे देईल, ज्याला जमणार नाही तो हात जोडील. चित्रफितीच्या किमतीत घसरगुंडी लपविली की हात जोडण्याची वाटच बंद होते. कारण येथे नाही म्हणणाऱ्याला स्वतःच्या पोराच्या आठवणीवर पाणी सोडावे लागते. आणि मोबाइलची मनाई असल्यामुळे दुसरे दुकानही नाही. बाजारात एकाच वखारीत कांदा विकावा लागला म्हणजे शेतकऱ्याचे काय होते, ते आपल्या महाविद्यालयातल्या निम्म्या मुलांना मी सांगावयास नको.

कोणी म्हणेल, ही ऐच्छिक बाब आहे. नको असेल त्याने घेऊ नये. गेल्या जानेवारीत स्टुडिओत आलेल्या एका बाईंची हकीगत सांगते. त्या वखारीत कांदा निवडावयास जातात. हजेरी तीनशे रुपये. नाटिका होती मंगळवारी सकाळी साडेदहाला. हजेरी बुडवून जाता आले नाही, आजी जाऊन बसली. आजीने घरी येऊन सांगितले, की पोर लई गोड दिसत होतं. एवढ्यावर आईचे समाधान कसे व्हावे? त्या मला म्हणाल्या, “ताई, सगळं नको मला. आमचं पोरगं दिसतं तेवढंच मोबाइलवर टाका. किती होतील?” मी फाइल उघडून पाहिली. पोरगा मेंढरू होता. सबंध नाटिकेत तो अकरा सेकंद दिसतो, आणि त्यातही उंटाच्या कुबडाआड अर्धा झाकलेला. मी अण्णांकडे पाहिले. अण्णा वाईट मनुष्य नाहीत. पण शाळेशी ठरले होते, सुटे काही द्यावयाचे नाही. ते तसे म्हणाले. बाई दोन दिवसांनी चारशे रुपये घेऊन आल्या. दोन नोटा शंभराच्या, बाकीच्या पन्नासाच्या आणि विसाच्या.

आता या व्यवहारात ‘ऐच्छिक’ ते काय? जी आई हजेरी बुडवून आली तिचे तीनशे गेले, आणि जी आली नाही तिचे चारशे गेले. ज्यांना रजा मिळते, ज्यांना पहिल्या रांगेतली खुर्ची मिळते, त्यांना चित्रफितीची गरज खरे तर कमी. त्यांनी खेळ पाहिलेला असतो. जिला गरज सर्वांत जास्त तिलाच ती जड, अशी ही रचना आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत (अल्पसंख्याकांच्या संस्था वगळून) पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. त्या मुलांची फी माफ होते. पंख, पांढरे मोजे, ड्रेपरीवाल्याचे भाडे आणि चित्रफीत यांना मात्र माफीचा शिक्का लागत नाही.

आमच्यासारख्या घरांत या वस्तूचे मोल काय असते, हे एका वाक्यात सांगते. माझ्या आईचा लग्नाआधीचा एकही फोटो अस्तित्वात नाही, आणि माझा जिल्हा परिषदेच्या शाळेतला एकच आहे, पन्नास मुलांच्या गटातला, ज्यात माझ्या डोळ्यांवर ऊन आले आहे.

त्या अकरा सेकंदांविषयी मात्र थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण ही गोष्ट एडिटिंगच्या टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही. शाळेच्या कार्यक्रमाला बहुधा एकच कॅमेरा असतो, मधल्या वाटेत स्टँडवर. शूटिंगवाल्याला सूचना मिळालेली असते, “मरीया आणि देवदूतावर ठेवा.” जो बोलतो त्याच्यावर कॅमेरा जातो, आणि जो बोलत नाही तो कडेने कापला जातो. मरीया कोण होते? चुणचुणीत मूल होते, हे खरेच. पण पोशाख वेळेवर आणि नीटनेटका येईल अशी ज्या घरची खात्री असते त्या घरचे मूल अधिक वेळा होते, असे मला चार शाळांची चित्रीकरणे पाहून वाटू लागले आहे. म्हणजे पोशाखाचे पैसे असतील तर भूमिका, भूमिका असेल तर कॅमेरा. शेवटी किंमत मात्र मरीयेला चारशे आणि मेंढराला चारशे! या एकाच बाबतीत शाळेने समता पाळलेली दिसते.

कायदा या मेंढराकडे कसा पाहतो, याचे मला कुतूहल वाटले, म्हणून ग्रंथालयात १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून वाचला. त्यातली बावन्नावी तरतूद शाळांना मोठी सवलत देते. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी शाळेच्या उपक्रमात एखादे नाटक किंवा गाणे सादर केले तर त्यात कोणाच्या हक्काचा भंग होत नाही. ही सवलत सादरीकरणाला आहे. त्याच्या प्रती काढून विकण्याचे नाव त्यात नाही. पण त्याहून गंमत पुढे आहे. १९९४ च्या दुरुस्तीने ‘कलावंत’ कोणाला म्हणावे याची यादी कायद्यात घातली: नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार, गारुडी, व्याख्यान देणारा, आणि कला सादर करणारी अन्य कोणतीही व्यक्ती. (आपले प्राध्यापकही गारुड्याच्या शेजारी बसले आहेत, हे त्यांनी लक्षात घ्यावे.) आपल्या सादरीकरणाचे ध्वनिचित्रमुद्रण होऊ द्यावयाचे की नाही, हा हक्क कायद्याने त्या कलावंताला दिला आहे. वयाची अट मला कोठे सापडली नाही. म्हणजे कापसाची टोपी घातलेले आमचे मेंढरूही कलावंत ठरते. त्याच्या वतीने आईबापांनी लेखी संमती दिल्याचा कागद मी आजवर एकाही शाळेच्या कामात पाहिलेला नाही. कलावंताच्याच आईला त्याची कला चारशे रुपयांना विकत घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट कोणी विचारीत नाही: नंतर त्या चित्रणाचे काय होते? आमच्या स्टुडिओत एका कपाटात हार्ड डिस्क ओळीने ठेवलेल्या आहेत. त्यांत चार-पाच वर्षांची शेकडो मुले, नावांसह, शाळेच्या गणवेशांसह, पडून आहेत. अण्णा प्रामाणिक, म्हणून ती तेथे सुरक्षित. पण ही सुरक्षितता अण्णांच्या स्वभावावर अवलंबून आहे. संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती आवश्यक धरली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. मोबाइलबंदीच्या वेळी मुलांच्या सुरक्षिततेचे कारण आवर्जून सांगणाऱ्या शाळांनी या कपाटाची चौकशी केल्याचे मला तरी आठवत नाही.

मग करावे काय? माझ्या मते फार कठीण काही नाही. चित्रण करावयाचे तर शाळेने ते एकदाच, ठरावीक रकमेला, स्टुडिओकडून करून घ्यावे आणि लिंक सर्व पालकांना द्यावी. दहा हजारांचे एकशे साठ भाग केले तर मुलामागे त्रेसष्ट रुपये सुद्धा पुरे होतात. ते गॅदरिंगच्या खर्चात सहज बसतात आणि स्टुडिओचा एक पैसा बुडत नाही. अण्णांना मी हे विचारले, तर ते म्हणाले, “मला काय, माझे दहा हजार मला मिळाले म्हणजे झालं. वरून दोनशे पालकांचे फोन तरी वाचतील.” मोबाइलबंदी खुशाल ठेवावी, पण नाटिका संपल्यावर पोशाखातल्या पोरांना दहा मिनिटे अंगणात उभे करावे आणि ज्याला आपल्या पोराचा फोटो हवा त्याला तो काढू द्यावा. शूटिंगवाल्याला सांगावे की सुरुवातीला किंवा शेवटी प्रत्येक मुलाच्या चेहऱ्यावर पाच सेकंद थांब. एकशे साठ मुलांना मोजून चौदा मिनिटे लागतील. मी एडिटिंग करणारी आहे. ही चौदा मिनिटे कंटाळवाणी होतील हे मला ठाऊक आहे, आणि कोणतीही आई ती पुढे ढकलणार नाही हेही मला ठाऊक आहे.

शिवाय एक रविवार ठरवून शाळेच्या हॉलमध्ये चादर टांगून ती चित्रफीत सर्वांना दाखविता येईल. वखारीतल्या, एमआयडीसीतल्या, एसटीतल्या ज्या आईबापांना मंगळवारी साडेदहाला येता येत नाही, त्यांना रविवारी येता येते. पोरे शेजारी बसून स्वतःला पाहतील. प्रोजेक्टर पुष्कळ शाळांत आता आहेच.

महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असणे बंधनकारक केले आहे. फी ठरविताना तिची मान्यता लागते. चित्रफितीचा दर मात्र फीच्या यादीत नसल्यामुळे तो या समितीपुढे येतच नाही; तो नोव्हेंबरात मुख्याध्यापकांच्या खोलीत चहाबरोबर ठरतो. आपल्या महाविद्यालयातले निदान तीन प्राध्यापक मला माहीत आहेत, जे आपल्या मुलांच्या शाळेत या समितीवर आहेत. वार्षिकांक त्यांच्या हाती पडेल तेव्हा पुढच्या वर्षाच्या बैठका सुरू व्हावयाच्या असतील. विषयपत्रिकेत ‘ऐनवेळचे विषय’ असा एक रकाना असतो असे ऐकते. त्यात हे चारशे रुपये बसतील.